गुडघ्यावरचे खिसे

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. ओट्याखालच्या कप्प्यात पिशव्या साठतात तसे ते साठतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. माझ्याकडचे निम्मे किस्से माझ्या नवऱ्याच्या पँटचे आहेत. पँट म्हणजे कार्गो पँट. मांडीवर खिसे, गुडघ्याजवळ खिसे, मागे झाकणवाले खिसे. वय छत्तीस. पँटचं नाही, नवऱ्याचं. पँटही फार मागे नसावी.

निलेश जासईच्या एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर आहे. गेटवर आलेल्या कंटेनरला कुठे पोचा आहे, कुठे पत्रा फाटलाय, हे बघायचं त्याचं काम. तिथे ती पँट शोभते. खडू, टॉर्च, टेप, सगळं अंगावरच लागतं. पण हा माणूस तीच पँट घालून भाजी आणतो, तीच घालून डॉक्टरकडे जातो आणि तीच घालून माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला स्टेजवर फोटोला उभा राहतो. फोटोत सगळे साखरपुड्याला आलेत आणि हा किल्ल्यावर निघालाय.

इतकी वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. मग बेलापूरच्या एका ऑफिसातून नोकरीचा फोन आला, "जॉइन होताय का?" आणि मी "हो" म्हणून बसले. ठरलं असं की पहिले दोन आठवडे निलेश रजा घेणार, नंतर गव्हाणहून सासूबाई येऊन राहणार. म्हणजे दोन आठवडे आमची ओवी, वय वर्षं तीन, या पँटच्या ताब्यात. आणि मी तोवर ओवीला माझ्या अंघोळीपेक्षा जास्त वेळ कुणाकडे सोडलेलं नव्हतं. अंघोळही दार किलकिलं ठेवून.

मला बाकी कशात गती नसली तरी काळजीत आहे. घरात दोन थर्मामीटर आहेत. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून दुसरा. आता दोघांत फरक येतो, म्हणून तिसरा घ्यावा की काय, या विचारात आहे.

*

ओवीचं नाव येत्या जूनसाठी प्लेग्रुपमध्ये घालायला गेलो तेव्हाची गोष्ट. मी आत फी आणि सीसीटीव्हीबद्दल विचारत होते, निलेश गाडी लावून मागून येणार होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हा गायब.

फोन केला तर म्हणाला, "वरच्या मजल्यावर आहे. आलोच."

"वर काय करतोयस?"

"एसी."

झालं होतं असं, की दारातल्या ताईंनी त्याची पँट आणि खिशातून डोकावणारा स्क्रू ड्रायव्हर बघितला आणि म्हणाल्या, "दादा, एसी वरच्या वर्गात आहे. पाणी गळतंय." आणि हा गेला!

"अरे पण सांगायचं ना, मी पालक आहे म्हणून."

"गळत होता गं खरंच," निलेश म्हणाला.

त्या ताई आजही त्याच्याशी आदराने बोलतात. माझ्याशी नाही. मी सीसीटीव्हीबद्दल फार प्रश्न विचारले.

*

वॉशिंग मशीन हे आमच्या घरातलं पुरातत्त्व खातं आहे. त्यातून आजवर निघालेल्या वस्तू: ओवीचा एक मोजा, जो मी महिनाभर शोधत होते. चिंचोके. कंटेनरचं तुटलेलं सील. आणि खडू. खडू निघत नाही, विरघळतो, आणि माझ्या सगळ्या काळ्या कुर्त्यांवर उरतो.

एकदा सासूबाई आलेल्या असताना मी असा एक कुर्ता त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आई, बघा तुमच्या मुलाचे खिसे."

त्यांनी कुर्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाय, खडूवर भागलं तुजं. ल्हानपनी खाडीवर जायचा नि खिशान चिंबोऱ्या भरून आनायचा. एकदा मी धुनं आपटाया घेतलं, त पँटीतून चिंबोरीनी बोटच धरलं माजं."

चिंबोरी म्हणजे खेकडा. जिवंत.

"मग?"

"मंग काय. सुई घेतली नि सगले खिसं शिवून टाकलं. शालेची पँट, घरची पँट, सगली."

"आणि रुमाल कुठे ठेवायचा त्याने?"

"रुमाल?" सासूबाई म्हणाल्या. "बाही व्हती ना."

निलेश समोरच बसला होता. सगळे हसलो, तोही हसला. पण त्याचा हात मांडीवरच्या खिशाचं बटण लावत, काढत, लावत होता.

*

गव्हाणला चुलतदिराची हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. पुरुषांनी पांढरा झब्बा-पायजमा घालायचा असं ठरलेलं. मी निलेशला आधीच बजावून ठेवलं होतं. तो खोलीतून बाहेर आला. वर पांढराशुभ्र झब्बा. खाली मेंदी रंगाची कार्गो.

"झब्बा लांब आहे," तो म्हणाला. "दिसत नाही."

दिसत होतं. खिसे भरलेले असल्यामुळे झब्बा दोन्ही बाजूंनी फुगला होता. मी त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले, माझी आणि याची ओळख नसावी तशी.

थोड्या वेळाने मांडवातले अर्धे दिवे गेले. कुणीतरी ओरडलं, "निलेशला बोलवा, त्याच्याकडं बॅटरी हाय." मग नवरदेवाच्या बहिणीला पिन हवी झाली. मग कुणाला डोकेदुखीची गोळी, कुणाला कात्री. माझ्या चार खुर्च्यांच्या अंतरातून माणसांची रांग जायला लागली. शेवटी एक काकू आल्या, त्यांच्या ब्लाउजची बाही उसवली होती.

"निल्या, सुईदोरा नसंल ना?"

त्याने मागच्या खिशातून काढला. दोरा ओवून ठेवलेला.

सासूबाई शेजारीच होत्या. त्या सुईकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता खिशान सुईच ठेवतंय," आणि हळद कालवायला निघून गेल्या.

*

एकदा मी त्याला सरळच विचारलं. संध्याकाळ होती, तो बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. "तुला नक्की काय आवडतं रे या पँटमध्ये?"

मला वाटलं होतं, "कम्फर्टेबल आहे" म्हणेल. तो म्हणाला, "लहानपणी शेजारी मे महिन्यात एक मुलगा यायचा मुंबईहून. त्याच्या पँटला गुडघ्यावर खिसे होते."

त्या मुलाच्या एका खिशात गोट्या असायच्या, एकात भोवरा, आणि गुडघ्यावरच्या खिशात कागदात बांधलेलं मीठ. कैरी पाडली की तिथेच मीठ लावून खायची. बाकीची पोरं मिठासाठी घरी जायची. घरी गेलं की आया धरून ठेवायच्या, ऊन उतरल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तो मुलगा मात्र दिवसभर बाहेर.

"मिठासाठी?" मी विचारलं. सासरे जन्मभर मिठागरात काम केलेले. यांच्या अंगणात मिठाच्या गोणी असायच्या.

"मीठ खूप होतं," निलेश म्हणाला. "ठेवायला जागा नव्हती."

त्या गणपतीला त्याने बाबांकडे तसली पँट मागितली. बाबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही भावांना एकाच कापडातून शिवायला टाकली. शिंप्याला गुडघ्याच्या खिशाचं सांगितलं तर तो म्हणाला, "गुडघ्याला काय सर्दी होते? रुमाल कशाला?" आणि जे दोन नेहमीचे खिसे त्याने शिवले, ते आईने दिवाळीच्या आत बंद केले.

"मग तू काय करायचास?"

"मुठीत धरायचो. पण मुठीत एकच वस्तू मावते ना. आणि मग तो हात दुसऱ्या कशाला राहत नाही."

माझ्या कडेवर ओवी होती आणि आत गॅसवर दूध उतू जात होतं.

*

ऑफिस सुरू व्हायच्या आधी ट्रायल म्हणून मी एका दुपारी बाहेर गेले. केस कापून आले. आल्या आल्या ओवीला उचललं, उजेडात नेलं आणि बघितलं. कोपरावर ओरखडा.

"हा कधी झाला?"

"होताच तो," निलेश म्हणाला.

"नव्हता."

"अगं प्राजू, परवाचा आहे. झोपाळ्यावरचा."

"परवाचा दुसऱ्या कोपरावर होता."

यावर आम्ही जेवणापर्यंत भांडलो. भांडण ओरखड्याचं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मी बोलता बोलता म्हणून गेले, "तुझ्यावर टाकून जायचं म्हणजे मला धडधड होते." तो ताट घेऊन आत गेला आणि बराच वेळ ते एकच ताट घासत राहिला.

दुसऱ्या ट्रायलला मी चपला घालत होते, तर हा म्हणाला, "थांब."

ओवीला स्टुलावर उभं केलं. एका खिशातून टॉर्च काढली, दुसऱ्यातून खडू. खडूला जरा पाणी लावलं आणि डासाच्या चाव्याभोवती एक गोल काढला. गुडघ्याच्या खपलीभोवती दुसरा. कोपराच्या त्या वादग्रस्त ओरखड्याभोवती तिसरा. ओवी गुदगुल्यांनी वाकडी होत होती.

"हे काय चाललंय?"

"सर्व्हे," निलेश म्हणाला. अगदी गंभीर. "कंटेनर यार्डात आत घेताना जुना डॅमेज आम्ही मार्क करतो. नाहीतर नंतर पार्टी म्हणते, तुमच्याकडेच झाला. हे सगळं आधीचं. बघून घे. आता येशील तेव्हा गोलाच्या बाहेर काही दिसलं, तर ते माझं."

मला हसायचं नव्हतं. म्हणून मी तशीच बाहेर पडले आणि लिफ्टमध्ये हसले.

परत आले तेव्हा गोलांच्या बाहेर काही नव्हतं. फक्त गोल बरेच वाढले होते. ओवीने स्वतःच्या पोटावर, फ्रिजवर आणि तीन कुंड्यांवर काढले होते.

*

मग तो सोमवार आला.

सकाळपासून ओवीने माझी ओढणी सोडली नव्हती. मी नवा कुर्ता घातला, डबा भरला, आधार कार्ड पर्समध्ये आहे का ते पुन्हा बघितलं. ते कशाला लागणार होतं, कोण जाणे. दारापाशी आले आणि ओवीचा ओठ बाहेर आला. तो ओठ मला माहीत आहे. त्याच्यापुढे मी आजवर प्रत्येक वेळी चपला काढलेल्या आहेत.

मी निलेशकडे बघितलं. त्याने गुडघ्यावरच्या खिशाचं झाकण उघडलं, खडू काढला आणि ओवीच्या हातात दिला.

मग तिने माझा उजवा हात धरला. मागच्या बाजूला कुकरचा जुना चटका आहे, तपकिरी, चण्याएवढा. तिने त्याच्याभोवती एक गोल काढला. जीभ बाहेर काढून, सावकाश. गोल कसला, बटाटाच. मग मला वळायला लावलं, मागून बघितलं, पावलं बघितली.

"जा," ती म्हणाली.

गोल पुसेल म्हणून ऑफिसात मी दिवसभर उजवा हात पर्समध्ये घातला नाही. जेवताना शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "पोळी चमच्याने?" मी म्हटलं, "हो, हात धुवायचा कंटाळा." पहिल्याच दिवशी त्यांचं माझ्याबद्दल काय मत झालं असेल, ते झालं.

संध्याकाळी बेल वाजवली. निलेशने दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकणार, एवढ्यात खालून आवाज आला, "थांब."

ओवीच्या हातात टॉर्च होती. कमरेला निलेशची जुनी कार्गो गुंडाळलेली, मागे हातभर लोळणारी. तिने माझ्या पायांवर टॉर्च मारली, कुर्त्यावर मारली, मग माझा उजवा हात ओढून नाकाजवळ नेला. खडू अर्धा उडाला होता. बटाट्याची एकच बाजू राहिली होती.

ती गुडघ्यावरच्या खिशात हात घालून खडू शोधत राहिली. सापडला. राहिलेली बाजू तिने काढून पूर्ण केली.

"नवीन काही?" निलेशने विचारलं.

"नाय," ओवी म्हणाली. "जुनंच हाय. आत घे."