हात हलवणारी माणसं

मी व्हिडिओ आर्टिस्ट आहे. जालन्यात असं सांगितलं की लोकांना लग्नाचं शूटिंग वाटतं, म्हणून मी जरा उलगडून सांगते. पूर, गारपीट, अपघात झाला की टीव्हीवर जे दाखवतात, त्याचेच तुकडे जोडून मी वेगळं काहीतरी बनवते.

असं एक काम मी दोन वर्षं करत होते. बातमीदार पुराबद्दल बोलत असतो आणि त्याच्या मागे कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत असतं. अशी माणसं मी जमवली. घरं वाहून चाललीत आणि यांना टीव्हीत दिसायची हौस, असं माझं म्हणणं होतं. मूळ आवाज सगळे काढून टाकले आणि वर पेटीची एक हलकीफुलकी चाल घातली. पुण्यात ते दाखवलं तेव्हा लोक आधी हसले, मग हसल्याबद्दल ओशाळले. मला हेच हवं होतं.

त्यातला सगळ्यात लांब तुकडा जाफराबादकडच्या एका गावाचा होता. पुढे गुडघाभर पाण्यात बातमीदार. मागे, डाव्या कोपऱ्यात, बनियन घातलेला एक माणूस दोन्ही हात वर करून हलवतोय. तो तुकडा मी संथ केला होता, लागोपाठ चार वेळा फिरवून दाखवला होता. ज्यांचं चित्र आहे त्यांनाही ते दाखवायला हवं, असं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणायचे. म्हणून त्याच गावात गेले.

दुपारी शाळेच्या वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पन्नासेक माणसं जमली होती. सुरुवातीला ती खळखळून हसली. गावातला तुकडा लागला आणि हसू एकदम थांबलं. मला वाटलं, यांना माझं म्हणणं कळलं.

मागून एक जण उठला. पस्तिशीचा, मेंढरं राखणारा. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"ताई, टीव्हीत दिसायला हात हलवून नव्हतो राह्यलो मी. दोर मागून राह्यलो होतो. त्यांच्या जीपमधी दोर होता."

पुढचं शाळेच्या मास्तरांनी माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं. नाल्याच्या पलीकडे त्याचे वडील बाभळीला धरून होते. ती बाभूळ कॅमेऱ्यात येत नव्हती. थोड्या वेळाने वडिलांचे हात सुटले.

तो तुकडा मी शेकडो वेळा पाहिला होता, आवाज बंद करून, एकेक फ्रेम पुढे सरकवत. त्याचं तोंड उघडं आहे हेही मला पाठ होतं. ते मला हसणं वाटलं होतं.

आत्ता पुसून टाकते, असं मी म्हणाले. त्याने नको म्हणून मान हलवली. मूळ बातमी आवाजासकट आहे का, एवढंच त्याने विचारलं. भावकीत अजून बोललं जातं, म्हणाला, की हा भेदरून गप उभा राहिला, ओरडला असता तर कुणीतरी धावलं असतं. हात हलवताना तोंडातून आवाज निघाला होता का, याची त्याची त्यालाच आता खात्री नव्हती.

मूळ तुकडा लॅपटॉपमध्ये होता. मी तो स्पीकरवर लावला. बातमीदाराचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि त्या दोन्हींच्या खाली, दुरून पण स्पष्ट: दोर द्या हो, दोर, बाप हाय माझा. तीन वेळा.

तो जागच्या जागी फरशीवर बसला.

"वरडलो होतो मंग मी," तो म्हणाला.

नंतर तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने ते एकदाच ऐकलं, डोळे मिटून. मग मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला सांगितलं, हे भावकीतल्या सगळ्यांच्या फोनवर टाक बाई. मी तिथेच ओट्यावर बसून टाकलं.

ते काम मी परत कुठेही दाखवलं नाही. बाकीच्या तुकड्यांचे मूळ आवाज एकेक करून ऐकते आहे. अजून निम्मेही झालेले नाहीत.