सोमवारी अडणारी जीप

गोटीरामांची जीप फक्त सोमवारी रुसायची. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. सोमवारीच. आणि आठवड्यातून तीन दिवस ज्याचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागतं त्याला विचारा सोमवार म्हणजे काय ते. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस कोरडे जातात. शनिवारी घोट्याला सूज, रविवारी पायऱ्या चढताना दम, आणि सोमवारी उजाडेपर्यंत उशी उंच करून बसावं लागतं. नेमकी तेव्हाच त्या बाईसाहेबांची तब्येत बिघडायची. जीपची, माझी नाही.

मी श्यामला. ओझरला प्राथमिक शाळेत आयुष्य काढलं, म्हणून अख्खं गाव मला बाई म्हणतं. नवरा विमानाच्या कारखान्यात होता, तो गेला. मुलगा आल्हाद पुण्यात आहे. 'आई, मोबाइलवरून गाडी मागव ना,' असं तो दर रविवारी सांगतो. मागवली होती एकदा. त्या ड्रायव्हर पोराने मला महामार्गाच्या पलीकडे उतरवलं आणि पुलाखालून चालत जा म्हणाला. चालत! गोटीराम दारात येतात, हात धरून बसवतात, नाशिकला सेंटरच्या पायरीशी उतरवतात आणि सुई निघेपर्यंत खाली थांबतात. आम्ही चार पेशंट, ज्याच्या त्याच्या वेळेला त्यांच्याच जीपने जातो. घेतात ते डिझेलपुरतं.

हा माणूस मूळचा देवळ्याकडचा. कांदा पिकवायचा. त्यांच्या मुलाची, सोपानची, किडनी ऐन विशीत गेली. त्याला नाशिकला आणायचं म्हणजे गावातल्या कुणाची तरी गाडी लागायची. एकदा कांद्याला भाव चढला, आणि गावातली झाडून सगळ्या पिकअप, सगळे ट्रॅक्टर लासलगावला लिलावाला गेले. गोटीराम दारोदार हिंडले. गाडी मिळाली ती तिसऱ्या दिवशी, आणि तोवर सोपानच्या छातीत पाणी भरलं होतं. तो गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आडगावच्या सिग्नलला, समोर बघत. पुढे त्यांनी जमिनीचा तुकडा विकला, ही जुनी जीप घेतली आणि बायकोला घेऊन ओझरला येऊन राहिले. तेव्हापासून डायलिसिसच्या पेशंटशिवाय दुसरं भाडं त्यांनी मारलेलं नाही. लग्नाचं नाही, की शिर्डीचं नाही.

तर अशा माणसाने त्या शुक्रवारी मला घरी सोडताना चप्पल न्याहाळत म्हणावं, "बाई, पुढच्या महिन्यापासून दुसरी गाडी बघा."

"का हो? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुमचं काय नाय. गाडीचा भरवसा राहिला नाय. दारात अडती तवर ठीक हाय. रस्त्यात अडली, आन तुमच्यापैकी कुनाला काय झालं, तर मला नाय सोसायचं. एकदा सोसलंय."

मी घरात गेले ते तणतणतच. अहो, वय झालं म्हणून काय गाडी मोडीत काढायची? मग माझंही काढा! पण खरं सांगायचं तर तोंडचं पाणी पळालं होतं. दुसरी गाडी मिळेल, गोटीराम कुठून मिळणार?

आजार काय होता ते ऐका. चावी फिरवली की दिवे लागायचे, हॉर्न खणखणीत वाजायचा आणि सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. इंजिन ढिम्म. मग गोटीराम बॉनेट उघडून जरा खुडबुड करायचे आणि हबीबला फोन लावायचे. हबीब म्हणजे महामार्गाकडेचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, माणूस हुशार आणि जीभ माझ्यासारखीच. तो येऊन चावी फिरवायचा आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू! "गोटूभाऊ, तुझी गाडी मला घाबरते," असं म्हणून तो हसायचा. पण तो मनातून चिडलेला असायचा, कारण बिघाड समोर आल्याशिवाय धरायचा कसा? त्याने सेल्फमधले झिजणारे कार्बनचे तुकडे बदलले. नवी बॅटरी बसवली. सोमवार आला की पुन्हा 'टक्'.

त्या सोमवारी गोटीराम आले ते पायी, धापा टाकत. गाडी त्यांच्याच दारात अडली होती. माझ्या घरापासून ते चार घरांवर राहतात. मी पिशवी उचलली आणि भिंतीला धरत धरत तिथवर गेले. श्वास पुरत नव्हता, तरी जिभेला पुरत होता. गोटीराम घाईघाईने बॉनेटकडे निघालेले बघून मी ओरडले, "हात लावू नका!"

"बाई, जरा बघतो ना..."

"काही बघायचं नाही. तुम्ही खुडबुड करता आणि हबीब आला की ही शहाण्यासारखी वागते. आज ती आजारी असतानाच डॉक्टर बघेल. बसा त्या ओट्यावर!"

वर्गात मूल बसावं तसे बसले बिचारे. जीपच्या दाराला हबीबच्या गॅरेजचं स्टिकर होतं, त्यावरचा नंबर मीच लावला. "व्हॅन घेऊन ये, जंपरच्या वायरी घेऊन ये आणि चहा प्यायला थांबू नकोस," म्हटलं. तो येईपर्यंत गोटीरामांचा एक डोळा माझ्यावर आणि एक बॉनेटवर. मला वाटलं, काळजी. तेवढ्यात आतून कुसाबाई, त्यांची बायको, पाणी घेऊन आली. माझ्या निळसर ओठांकडे बघून तिने तांब्या खाली ठेवला आणि मला हाताचा आधार दिला.

हबीब आला. त्याने सेल्फ मारला. 'टक्'. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला रागच आला. इथे माझा जीव चाललाय आणि हा हसतोय!

"आज सापडली," म्हणाला. आपली व्हॅन शेजारी लावून त्याने दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या वायरींनी जोडल्या, लाल टोक लालला, काळं काळ्याला. 'टक्'. "म्हणजे बॅटरीचा दोष नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. मग त्याने काळा चिमटा बॅटरीवरून काढला आणि थेट इंजिनच्या लोखंडाला लावला. "मार आता."

गोटीरामांनी चावी फिरवली आणि जीप एकदम गुरगुरून सुरू झाली.

"अर्थिंग!" हबीबने मांडीवर थाप मारली. बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीला यायला एक जाड काळी वायर असते, ती इंजिनला बोल्टने आवळलेली असते. ती वाट खराब. दिव्याला थोडकं लागतं, ते कसंबसं मिळतं. सेल्फला भरपूर लागतं, ते मिळत नाही. त्याने आत वाकून हात घातला आणि जरा वेळाने बाहेर काढला तर बोटांत लोंबत होतं लिंबू, खाली हिरव्या मिरच्या, सगळं तारेत ओवलेलं. तार त्या बोल्टलाच पीळ देऊन बांधलेली. बोल्टभोवती हिरवट पांढरी खपली धरली होती, आणि वायर बोटाने हलत होती.

हबीब म्हणाला, "गोटूभाऊ, मला फोन करायच्या आधी दर वेळी हे काढून ठेवायचास?"

"हा."

"का रे बाबा?"

"तू एकदा म्हनला व्हतास ना, तुझा भरवसा माझ्यावर हाय का लिंबावर. मला लाज वाटायची."

"वा रे वा! ते ओढून काढताना वायर हलायची, चिकटायची, गाडी सुरू! आणि मी येड्यासारखा कार्बन बदलत बसलोय."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. आधी ते लिंबू पुढे बंपरला असायचं. पेशंटच्या कुणा नातेवाइकाने म्हटलं, आजारी माणसांच्या गाडीला हे बरं दिसत नाही. म्हणून कुसाबाईने ते बॉनेटखाली बांधायला सुरुवात केली. दर शनिवारी नवं. टोचलेल्या लिंबाचा रस रविवारभर बोल्टवर गळायचा, पिळाने वायर ढिली व्हायची, की सोमवार आलाच.

हबीबने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, आवळला, वर ग्रीस लावलं. सेल्फ मारला. सुरू. बंद करून पुन्हा मारला. सुरू. माझी वेळ अजून टळली नव्हती.

"गाडी म्हातारी नाही झाली," हबीब म्हणाला. "अजून खूप पळेल. फक्त इथे काही बांधू नका."

गोटीरामांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "बाई, घरात काय बोलू नका. तिचं मन त्या लिंबावरच चालतं." पण कुसाबाई दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली आणि हबीबच्या हातातलं लिंबू घेऊन तिने बघितलं. "म्हंजी मीच अडवत व्हते गाडी," ती म्हणाली. "माझ्या सोपानला गाडी भेटली नाय, आन यांची मीच..." पदर तोंडाला लावून ती तिथेच खाली बसली. गोटीराम बॉनेट पुसायला लागले.

मी लिंबू-मिरचीवर उभा जन्म पोरांना हसून दाखवलं आहे. विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण ती बाई दर शनिवारी जे बांधत होती ते गाडीसाठी नव्हतंच. ते आम्हा चार परक्या माणसांसाठी होतं, आणि आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. रडूही आलं, पण माझ्या अंगातलं पाणी असं बाहेर पडत नाही.

"कुसाबाई, उठा," मी म्हटलं. "रडायला मला वेळ नाही, मशीन माझ्यासाठी थांबलंय. शनिवारचं लिंबू आता इथे बांधायचं." आणि माझी डायलिसिसची कापडी पिशवी तिच्यापुढे धरली.

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा आहे का ते बघत असावी. मग पिशवीच्या बंदाला ते घट्ट बांधलं, तारेचं टोक मला टोचू नये म्हणून आत वळवलं.

दुसरी गाडी बघायचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुढच्या सोमवारी जीप दारात आली, कुसाबाई पुढच्या सीटवर. नवं लिंबू बांधायला शनिवारीच येऊन गेली होती, तरी डोळ्यांनी बघायचं होतं तिला. मी चढल्यावर गोटीरामांनी चावी फिरवण्याआधी मागे बघितलं. मी पिशवी उचलून दाखवली. "आहे हो. चला."

सेल्फ लागला. कुसाबाईने मान वळवून मला विचारलं, "बठ्ठं बरं शे ना?" ती गडबडली की तिची अहिराणी बाहेर येते.

"हो, सगळं बरंय," म्हटलं.

सेंटरवर सिस्टरने सुई लावता लावता पिशवीकडे बघून डोळे मोठे केले. "काकू, लिंबू? तुमचं पोटॅशियम आधीच काठावर आहे! किती वेळा सांगायचं, हे चालत नाही तुम्हाला."

"खायचं नाही ते," मी म्हटलं. "सोपानच्या आईने दिलंय."

"सोपान कोण? तुमचा नातू?"

मी काचेतून खाली बघितलं. गोटीराम जीपला टेकून उभे होते आणि कुसाबाई आत बसून वर, आमच्या मजल्याकडे बघत होती.

"आमच्यातलाच एक," मी म्हटलं. "त्याला गाडी मिळाली नव्हती."