शांत जागा, रिकामी गाडी

काय आणि कसं सांगू, समजत नाही. पण धुळ्यात दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. आधी चहा घ्या.

नोकरीत जन्मभर फायलींवर ‘अभिप्रायार्थ सादर’ लिहिलं. स्वतःचा अभिप्राय कधी दिला नाही. निवृत्तीनंतर एकदाच दिला. पुरला!

आमची चाळीसगावची गाडी. सून तिकडच्या शाळेत शिकवते. रोज उभी जाते, उभी येते. अशात बातमी आली, की स्टेशनामागची रेल्वेची पडीक जागा विकणार आणि त्या पैशातून गाडीला डबे वाढवणार. प्रवासी मंडळाचे नाना म्हणाले, “आबा, जागेला भाव आला तरच डबे येतील. गिऱ्हाईक दिसलं की तारीफ करा!”

मी रिकामटेकडाच. रोज तिकडे फेरी. एकदा बाभळींपाशी इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ फोटो काढताना दिसले.

“जागा बघताय?”

“हो. गाडीचा त्रास होत असेल ना इथे?”

“छे! आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही.”

“आणि गर्दी?”

“कसली गर्दी साहेब! लोक बाकावर पाय पसरून झोपतात.”

“म्हणजे आहेत ते डबे पुरतात?”

आता सांगा, जागेचं गिऱ्हाईक डब्यांची चौकशी कशाला करेल? पण तोंड सुटलं होतं. “पुरून उरतात!”

एवढ्यात हार घेऊन नाना धापा टाकत आले. “साहेब, तुम्ही इकडे? आम्ही फलाटावर वाट बघतोय!”

“कोण हो हे?” मी हळूच विचारलं.

“रेल्वेचे साहेब! डबे वाढवायचे की नाही, ते हेच ठरवणार!”

“मी जागेबद्दल बोलत होतो, साहेब…”

“यांनी सगळं खरंखरं सांगितलं,” म्हणत साहेबांनी माझा हात हातात घेतला. “अशी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत हो!” नानांच्या हातातला हार हातातच राहिला.

जागा झकास भावात गेली. पैसा गेला दुसऱ्या मार्गावर, जिथे म्हणे गर्दी असते. सून तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवते.

परवा मलाच चाळीसगावला जावं लागलं. एका पायावर, दांडीला लोंबकळत. खिडकीतल्या जागेवरून नानांनी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा आवाज दिला, “आबा, उभे का बरं? पाय पसरा ना! गाडी बठ्ठी रिकामी शे!”