लाल कुठे गेले?

लष्कराच्या लिलावातून घेतलेला तो ट्रक बडोद्यातल्या गोरव्याच्या आमच्या टाक्यांच्या कारखान्यात पावसाळ्यात आला आणि दसऱ्यापर्यंत त्याला दोन पंक्चर झाली. दोन्ही डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला, आणि दोन्ही वेळा टायरमधून निघाला तो चपट्या डोक्याचा खिळा. मी दोन्ही खिळे डबीत ठेवले आणि वहीत नोंद केली. कारखान्याचा हिशेब, हजेरी, फाटकावरची ये-जा सगळे माझ्याकडे असे. आमचे हे यंत्रे पाहत, मी याद्या पाहत असे.

नाक्यावरचा पंक्चरवाला मला तेव्हाच खटकला. बोलावल्यावर तो फारच लवकर यायचा. खिळा काढून दाखवताना हसायचा. आमच्या फाटकासमोरून सकाळी सायकल घेऊन तो का जातो, याचीही मी नोंद ठेवली होती. तिसऱ्यांदा चाक बसले तेव्हा ठरवले, याला बोलवायचे नाही. निजामपुऱ्याच्या बाजूला एक वयस्क कारागीर होता, त्याने उमेदीत लष्करी गाड्यांची चाके केली होती असे ऐकले होते. त्याला निरोप धाडला.

हे त्या दिवशी सुरतेला होते. संध्याकाळपर्यंत एक टाकी ट्रकवर चढवून रवाना करायची होती, म्हणून मी स्वतः चाकाजवळ खुर्ची टाकून बसले. या वेळी खिळा कसा निघतो ते डोळ्यांनी पाहायचे होते.

कारागीर आला. चाकाभोवती एकदा फिरला, उकिडवा बसला, बोटाने नट चाचपले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बेन, लाल क्यां गया?”

मी सावध झाले. “कोण लाल?”

“लाल,” तो पुन्हा म्हणाला, जणू मी मुद्दामच कळत नसल्याचे दाखवत होते. “कोणे काढ्या?”

“काढणार कोणाला? इथे लाल नावाचा कोणी नाही. कधी नव्हता.”

त्याने मला नीट न्याहाळले. मग शांतपणे हत्यारांची पिशवी उचलली. “हुं हाथ नहीं लगाडूं. मालिक आवे त्यारे बोलावजो.” आणि स्कूटरला किक मारून गेला.

मालक आल्यावर बोलवा, हे मला विशेष झोंबले. पण त्याहून मोठी शंका डोक्यात शिरली. म्हणजे कोणी लाल आहे. चाकाला हात लावणारा कोणी माणूस, जो या कारागिराला माहीत आहे आणि मला नाही.

आमच्या ड्रायव्हरना विचारले. ते बडोद्याच्या जुन्या मराठी शिपाई घराण्यातले. पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. आयुष्यभर त्यांनी साधे ट्रक चालवले होते. हा लष्करी ट्रक आला तेव्हा त्यांना वाटले, घराण्याचे काहीतरी परत आले.

“लाल? मी नाही ऐकला,” ते म्हणाले. “वहिनी, हे लोक असेच. काम टाळायचे आणि कोणाचे तरी नाव घ्यायचे. मी खोलतो चाक. तोफखान्याचे रक्त आहे, एक टायर नाही खोलता येणार?”

“येईल ना?”

“नट तो नटच. आतली ओळ गंजलीय, बाहेरची हाताशी आहे. तिथून सुरुवात करतो.”

मी हो म्हटले. ते हो मीच म्हटले, ही नोंद कुठल्या वहीत नाही, म्हणून इथे करते.

ते पान्याला लोखंडी पाइप जोडायला लागले आणि मी ऑफिसात गेले. फाटकाची वही काढली आणि पावसाळ्यापासूनचे एकेक नाव बोटाखालून घातले. लाल नव्हता. रोजंदारीची वही पाहिली. तिथेही नाही. मग वाटले, दसऱ्याच्या आधी बाहेरचे रंगारी आले होते, त्यांच्यात असेल. ड्रायव्हरच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा होते, त्यांनी हट्ट धरला होता की ट्रकचीही त्याच मानाने पूजा व्हायला हवी, सगळे झळकले पाहिजे. त्या वेळची रंगकामाची यादी मीच केली होती. ती काढली.

बंपर काळा. पाट्या हिरव्या. आणि तिसरी ओळ, माझ्याच अक्षरात: चाकांवरचे लाल नट चंदेरी करणे.

ती ओळ मी दोनदा वाचली. लाल माणूस नव्हता. प्रत्येक चाकावर बाहेरच्या ओळीतले तेवढेच नट लाल होते आणि मला ते विजोड दिसले होते. लष्करात शोभेसाठी कोणी अर्धे नट लाल करील का? कारण मला माहीत नव्हते, पण कारण असणार एवढे कळले.

मी बाहेर आले. दोन नट जमिनीवर पडले होते आणि तिसऱ्यासाठी ड्रायव्हर पाइपवर दोन्ही हातांनी जोर देत होते.

“पाना खाली ठेवा.”

“अहो, सुटतायत आता.”

“ठेवा. आणि चाकासमोरून बाजूला या.”

ते पाना ठेवून बाजूला झाले. मी स्कूटर काढली आणि निजामपुरा गाठला. कारागीर दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. मान वर न करता त्याने विचारले, “लाल मळ्या?”

“मळ्या. रंगनी नीचे हता.”

आता त्याने मान वर केली. “केटला खोल्या?”

“बे,” मी दोन बोटे दाखवली.

तो हात न पुसताच उठला.

कारखान्यात त्याने सगळ्यांना ट्रकच्या पलीकडच्या बाजूला घालवले. स्वतः चाकाच्या कडेने, अंग चोरून, हात लांब करून व्हॉल्व्हची पिन फिरवली. बसलेल्या, मी ‘पंक्चर’ म्हणून वहीत लिहिलेल्या त्या टायरमधून हवा निघतच राहिली. मध्येच मला वाटले, आता संपली, तर पुन्हा फुसफुस सुरूच. ड्रायव्हर माझ्याशेजारी उभे होते. ते पान्यातून पाइप काढत होते.

आवाज थांबल्यावर कारागिराने दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले आणि झटक्यात उघडले. अशा चाकाची लोखंडी तबकडी, म्हणजे रिम, दोन तुकड्यांची असते, लाल नट ते दोन तुकडे एकत्र धरतात, आणि आत हवा असताना ते सोडले तर बाहेरचा तुकडा उडून समोरच्या माणसावर येतो.

टायरमधून खिळा निघाला. चपट्या डोक्याचा. त्याने तो माझ्या हातावर ठेवला आणि अंगणातल्या आमच्याच रिकाम्या लाकडी खोक्यांकडे पाहिले. मीही पाहिले. प्रत्येक फळीवर तसलेच खिळे होते.

टाकी दुसऱ्या दिवशी गेली. सकाळी ड्रायव्हर लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन चाकाशी बसले होते. मी विचारले, “कोणते नट, माहीत आहे ना?”

“तुम्ही बसा समोर,” ते म्हणाले. “यादी घेऊन.”