खेळातल्या बायकोची दिनचर्या

आमच्या घरात व्हिडिओ गेम खेळतो नवरा, आणि तो चालू ठेवते मी. लॅपटॉप माझा. नंदुरबारला बीसीए करताना वडिलांनी घेऊन दिलेला. लग्नात कपाट, स्कूटी आणि मी, यांच्याबरोबर तोही प्रकाशा तीर्थाजवळच्या या गावात आला. कपाट वापरात आहे. स्कूटी पडवीत जुन्या चादरीखाली उभी असते.

नवऱ्याला खेळाचा नाद सुरतच्या मित्राने लावला. बर्फाचे डोंगर, ड्रॅगन, तलवारी, आणि वाटेल तिकडे चालत जायची मोकळीक. पण माझा लॅपटॉप म्हातारा. पहिल्या दिवशी ड्रॅगनने पंख हलवला आणि सगळं चित्रच थिजलं. मग मी सेटिंगच्या फायली उघडल्या. सावल्या बंद केल्या, गवत काढून टाकलं, जंगल विरळ केलं. लोकांनी इंटरनेटवर ठेवलेले मॉड, म्हणजे खेळात घालायचे छोटे फेरफार, एकेक करून बसवले. ड्रॅगन उडायला लागला. नवरा खूश झाला आणि मी पुन्हा भाकरीकडे वळले.

दुपारी तो केळीच्या शेतातून येतो, जेवतो आणि तासभर खेळतो. मी शेजारी मिरच्यांचे देठ खुडत बसते. अशाच एका दुपारी त्याने खेळात लग्न केलं. खेळातली बायको दिसायला ठसकेबाज, लग्नाआधी धनुष्य घेऊन हिंडणारी. लग्नानंतर त्याने तिला घर घेतलं आणि ती त्यात उभी राहिली. चुलीपासून टेबलापर्यंत जायची, टेबलापासून चुलीपर्यंत यायची. तिच्याकडे तीनच वाक्यं होती. खेळ इंग्रजीत, पण अर्थ असा: "आलात का?" "जेवण तयार आहे." "लवकर या हं." नवरा आठ-आठ दिवस गुहा लुटून यायचा आणि ती म्हणायची, "आलात का?"

मला तिचा राग यायचा. अगदी मनापासून.

त्याच सुमारास शहाद्याच्या एका कॉलेजातून फोन आला. कॉम्प्युटर लॅबसाठी जागा होती, गुरुवारी मुलाखत. अर्ज मी कोणाला न सांगता केला होता. जेवताना नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. तो कधीच नाही म्हणत नाही. म्हणाला, "केळीनी कापनी व्हऊ दे, मंग देखसूत." गेल्या वर्षी कापसाची वेचणी होऊ द्यायची होती, त्याआधी नणंदेचं बाळंतपण. आमच्याकडे 'बघू' हा शब्द कुलपासारखा लागतो, आणि लावणाऱ्याचा हातही दिसत नाही. मी भांडले असते, पण भांडायला समोर कोणी नव्हतंच. सगळे चांगलेच वागत होते. दोन वर्षं त्या चांगुलपणात माझा जीव गुदमरत होता.

दुसऱ्या दिवशी तो शेतात गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. असे खेळ आतून दाखवणारं एक साधन मिळतं. कोणत्या पेटीत काय ठेवलंय, कोणत्या लांडग्यात किती जीव आहे, सगळं दिसतं. त्यात प्रत्येक माणसाची दिनचर्याही लिहिलेली असते. लोहार आठला भट्टीवर, बाराला खानावळीत. मी खेळातल्या बायकोची काढली. एकच ओळ होती: चोवीस तास, घर.

मी ती खोडली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, बाजार, असं लिहिलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

खेळ चालू केला. आठ वाजले. ती चुलीपासून निघाली, दारापाशी गेली आणि थांबली. नऊ झाले, दहा झाले. ती दाराकडे तोंड करून उभीच. मी डोकं खाजवत बसले होते, तेवढ्यात सासूबाई सुपात मिरच्या घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"हाई बाई दारकडे तोंड करीसन काब्रं उभी शे?"

"तिले बाहेर जानं शे, आई. पन दारले कुलूप शे."

"आन चावी?"

मी शोधलं. घोडं तिथेच अडलं होतं. घर घेताना चावी नवऱ्याच्या खिशात गेली होती. तिच्याकडे नव्हतीच.

"धनीपाशी शे," मी म्हटलं.

सासूबाईंनी एक देठ खुडला. "घरमा दिवसभर ती ऱ्हास, आन चावी त्यानापाशी? दे तिले बी."

मी तिच्या सामानात चावी घातली. दार उघडलं आणि ती बाहेर पडली. सासूबाई थोडं पुढे सरकून बसल्या. मी त्यांना गुरुवारचं सांगितलं. त्या मिरच्या निवडत राहिल्या.

दुपारी नवरा खेळायला बसला. खेळातल्या घरात गेला, माडीवर बघितलं, तळघरात बघितलं.

"मन्ही बायको कोठे गई?" माझ्याकडे वळला. "हाई काय करी ठेवं तू?"

"बाजारमा व्हई," मी म्हटलं. आवाज जरा तुटकच निघाला.

त्याने सगळं शहर पालथं घातलं. शेवटी ती भाजीच्या ठेल्याजवळ दिसली, भर उन्हात, गर्दीत. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती वळली आणि म्हणाली, "आलात का? जेवण तयार आहे."

नवरा हसून हसून लोळला. मला हसू आलं नाही. मी तिला रस्ता दिला, वेळ दिली, चावी दिली, पण बोलायला नवीन काही द्यायचं विसरले होते.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "पहिलं व्हतं तसं करी दे."

सासूबाई सुपातून मान वर न करता बोलल्या, "बाहेर गई त काय व्हयनं? घर त जागावरच शे."

तो बराच वेळ खेळात नुसता इकडे तिकडे चालत राहिला. मग पडद्याकडेच बघत विचारलं, "गुरुवारले कितला वाजता जानं शे?"

गुरुवारी मी स्कूटीवरची चादर काढली. तिची चावी माझ्याच कपाटात होती, दोन वर्षं. नवऱ्याने टायरमध्ये हवा भरून दिली. शहाद्याला पोचेपर्यंत मी मोठ्याने गाणं म्हणत होते, ते आठवलं की अजून लाज वाटते.

मुलाखत घ्यायला तिघे होते. त्यांनी विचारलेलं सगळं मला येत होतं. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं काय बिघडलंय ते मी उभ्या उभ्या सांगितलं. मधल्या बाई खूश दिसल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

मी दोन प्रश्न पाठ करून आले होते. लॅबमधली जुनी सॉफ्टवेअर बदलायची मुभा मिळेल का, आणि पुढे वर्गावर शिकवायला मिळेल का. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं.

"सुटी किती वाजता होते?" मी विचारलं. "सहापर्यंत घरी पोचायला हवं. स्वयंपाक असतो."