काहिलीतून स्वारी

आमच्या काकांनी हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण नदी कशी ओलांडायची ते मात्र त्यांनाच विचारावं. मंगळवार पेठेतल्या इंटरनेट कॅफेत मी लढाईचा गेम खेळत बसलो की ते खुर्चीमागं येऊन उभे राहायचे. माझं सैन्य नेमकं नदीत मार खायचं. "गाढवा, समोरून कशाला घुसतोस?" काका गरजायचे. "झेलमवर ग्रीकांनी काय केलं? एका घाटावर गडबड केली आणि वरच्या अंगानं गुपचूप पार झाले!" सगळा कॅफे वळून बघायचा. लाज वाटायची हो.

मी पंचविशीतला, बी.कॉम. आणि बिनकामाचा. अशात कुरुंदवाडपलीकडच्या मळ्यातलं स्थळ सांगून आलं. मुलगी मी आधी पाहिलेली होती. एका लग्नात मी ताटात जिलेबी टाकली, तर तिनं भर पंगतीत झापलं होतं, "खायची नव्हती तर घेतलासा कशाला?" तेव्हापासून मला दुसरी कुणी नकोच होती. पण आमचं जायचं ठरलं होतं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला बघायला इचलकरंजीचे पाहुणे यायचे होते, पक्क्या नोकरीवाले. आम्हाला आजच पोचायला हवं होतं आणि पुलावर पुराचं पाणी!

आई, काका आणि मी जीपनं काठापर्यंत गेलो. दुपारी पलीकडून नाव येईल, असं लोक सांगत होते. "मग बसूया की निवांत," आई म्हणाली. पण काकांच्या अंगात सेनापती संचारला होता. "वहिनी, तुम्ही इथं गडबड करत राहा. आम्ही वरच्या अंगानं जातो." काठावर होत्या दोन म्हशी. आई कुणासाठी गडबड करणार? तिनं जीपमध्ये बसून विणकाम काढलं.

वरच्या अंगाला एका शेतकऱ्याकडं काहील होती, गूळ शिजवायची भलीमोठी पसरट कढई. पुरात आमच्याकडं काहिलीत बसून पाणी ओलांडतात, त्यात नवल काही नाही. पण काहिलीला पुढचं-मागचं नसतं, ती गरागरा फिरते. शेतकरी बांबू मारायचा, आम्ही गोल फिरायचो आणि समोर येईल त्या काठाकडं बोट करून काका म्हणायचे, "शत्रू!" निम्म्या वेळेला तो काठ आमचाच असायचा. मध्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ध्यानात ठेव, आपलं खरं बळ दाखवायचं नाही. नोकरीचं विचारलं तर कॉम्प्युटर लाइनमध्ये आहे म्हण." मग डोळे मिटले ते पार होईपर्यंत उघडलेच नाहीत.

चिखलानं माखून मळ्यात पोचलो तर दारात ती आणि तिची आई, दोघीच. घरातले सगळे पुरुष आम्हाला आणायला नाव घेऊन पलीकडं गेलेले! काका मटकन पायरीवर बसले. "म्हणजे दोन्ही सैन्यं पार झाली," एवढंच बोलले.

तिनं चहा आणला आणि सरळ विचारलं, "काय करतासा?"

'कॉम्प्युटर लाइन' अगदी ओठावर आलं होतं. पण एवढं गोल फिरल्यावर खोटं बोलायचं त्राण कुठलं? "काय न्हाय," मी म्हणालो. "कॅफेत लढाया खेळतो. हरतो."

काकांनी कपाळावर हात मारला. ती हसली नाही. "हे आमच्या आण्णांना सांगणार?"

"सांगतो."

"बघू," म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

संध्याकाळी नाव दिसली. गुडघाभर पाण्यात शिरलो आणि तिचे वडील उतरायच्या आतच ओरडलो, "मला नोकरी न्हाय!"

"ठावं हाय की," ते नावेतूनच म्हणाले. "तीन तास तुमच्या आईसंगं बसलतो. नोकरी न्हाय, दिवसभर गेम खेळता, नऊ वाजेपर्यंत लोळता. आम्ही न विचारता सांगितलं त्यांनी."

संपलं, म्हटलं. इतका राग मला आईचा आयुष्यात कधी आला नव्हता.

"बघत काय बसलासा? हात द्या की त्यांना," म्हणत ते बाजूला सरकले. मागं आईच बसली होती, पदर खोचून. तिनं पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला. तो निम्मा रिकामा होता.

"आमची तोंडं पलीकडंच गोड झाल्यात," तिचे वडील म्हणाले. "उरलेलं घरात द्या."