कथलाच्या तीन रेघा

आमच्या खगोलशास्त्र संस्थेत चारच्या कॉफीला खुर्च्या मी मांडते. ऑफिस माझ्याकडे, म्हणून खुर्च्याही माझ्याकडे. असं कुणी ठरवलेलं नाही, पण टेकडीवरच्या या इमारतीत न ठरवलेल्या गोष्टीच जास्त काटेकोर पाळल्या जातात. रोसविथा हेगेलेसाठी मात्र मी खुर्ची मांडत नसे. ती बसायचीच नाही. हातात कप घेऊन खिडकी ते फळा, फळा ते खिडकी. जाता जाता कुणाच्याही बशीतला ब्रेत्सेलचा, म्हणजे वेटोळ्या खारट पावाचा, तुकडा उचलायची आणि म्हणायची, "पण मग त्या रेघा कुणाच्या?"

"अगं बस जरा, फरशी झिजली," मी ओरडायचे.

"झिजू दे. सरकारची आहे."

रोसविथा याच गावच्या सुताराची मुलगी. प्राध्यापक कधी झाली नाही, त्याची खंतही केली नाही. तिचं सगळं आयुष्य श्वेतबटू ताऱ्यांत गेलं, त्यातही जास्त करून एकाच ताऱ्यात. श्वेतबटू म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला निखारा. आकाराने पृथ्वीएवढा, पण तिचा हा तारा अजून लाखभर अंश तापलेला. त्याचा प्रकाश फोडून लांब पट्टीवर पसरला की त्यात काळ्या रेघा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली असते. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड, एकेकाला तिने हुडकून काढलं होतं. अतिनील टोकाला तीन रेघा तेवढ्या उरल्या होत्या. त्या कुणाच्याच नव्हत्या. तिच्या खोलीत भिंतीवर त्या पट्टीचा कागद डकवलेला होता आणि तिन्ही रेघांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलेली होती. वसंतात ती निवृत्त होणार होती. "यांना नाव मिळालं नाही तर मला घरात करमायचं नाही," म्हणायची. मला काळजी तिच्या घरातल्या फरशीची वाटायची.

स्वान्त्ये ही तिची डॉक्टरेटची विद्यार्थिनी. उत्तरेच्या किनाऱ्यावरची, त्यामुळे एका दिवसात चार वाक्यं बोलली तरी आम्हाला ती बडबड वाटे. एका दुपारी ती कॉफीला आली आणि म्हणाली, "कथील."

"कसलं कथील?" मी विचारलं. "ज्याचे खेळण्यातले शिपाई ओततात ते?"

"तेच."

प्रयोगशाळेत खूप तापवलेल्या कथलाची नवी मोजमापं आली होती आणि तिन्ही रेघा त्यांच्याशी जुळत होत्या. एवढं जड मूलद्रव्य ताऱ्याच्या पोटात बुडायला हवं ना, असं मी विचारलं, कारण इतक्या वर्षांत तेवढं मलाही कळतं. रोसविथा म्हणाली, "बुडालं असतं. पण आतून येणारा प्रकाशच त्याला वर ढकलून धरतो." आणि ती बसली. खुर्ची नव्हती, मी धावत जाऊन आणली.

आमच्याकडे मूलद्रव्य सापडलं की शोधणाऱ्याने केक आणायचा. ते मागे घ्यावं लागलं तरी केक आणायचा, पण तो घशाखाली उतरत नाही. रोसविथाने आलुबुखाराचा केक आणला, बसून खाल्ला, चार-पाच आठवडे बसूनच कॉफी प्यायली. मला तिचं बसणं इतकं आवडलं की काय सांगू. स्वान्त्येच्या प्रबंधात कथलाचं प्रकरण छापून झालं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे डॉक्टरेट मिळाल्यावर घालायची पुठ्ठ्याची टोपी मी केली आणि तिच्या काठावर कथलाचे छोटे शिपाई ओळीने चिकटवले.

स्वान्त्येच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यात रोसविथा पुन्हा उठली. कथील असेल तर चौथी रेघ दिसायला हवी, ती कुठे आहे, असं करत फेऱ्या मारू लागली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्या ऑफिसात आली. चेहरा पांढराफटक.

"गुंडुला, पट्टीच्या काठाला ऑक्सिजनची एक पुसट रेघ आहे. ती जागेवर नाही. मी पट्टी सरकवली, बरोबर तेवढीच सरकली आहे."

हा तारा आपल्यापासून लांब जातो आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या रेघा किंचित सरकतात. मोजण्याआधी त्या परत जागेवर आणाव्या लागतात. त्या तीन रेघा असलेला पट्टीचा हा तुकडा दुसऱ्या दुर्बिणीवरून आला होता, आणि पाठवणाऱ्यांनी तो आधीच सरकवून दिला होता. रोसविथाने तो पुन्हा सरकवला, म्हणजे तिन्ही रेघांची जागाच चुकली आणि कथलाशी जुळणं निव्वळ योगायोग ठरलं. त्या तुकड्यात ठळक, ओळखीची रेघ एकही नव्हती, नाहीतर चूक त्याच दिवशी दिसली असती.

"मग परीक्षा झाल्यावर सांग. उद्या कुणाला कळणार आहे?"

"उद्या ती सगळ्यांसमोर कथील सांगणार. माझं कथील."

"आणि तू? तू काय घेऊन घरी जाणार?" मी चिडलेच. मला रडू येत होतं.

"मला ते इतकं हवं होतं गं," ती म्हणाली, "म्हणूनच मी दुसऱ्यांदा तपासलं नाही."

तशीच ती स्वान्त्येच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"म्हणजे ते अख्खं प्रकरण गेलं?" स्वान्त्येचा आवाज आला.

"गेलं."

"हेगेलेबाई, तुम्हाला हे आज दिसलं?"

"आज दिसलं."

स्वान्त्येने कोट उचलला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी टोपीवरचे शिपाई चाकूने खरवडून काढले. डिंकाचे डाग राहिले.

दुसऱ्या दिवशी स्वान्त्ये फळ्याजवळ उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "प्रबंधात छापलंय ते चूक आहे. या ताऱ्यात कथील आहे असं मी म्हणू शकत नाही. पट्टी दोनदा सरकली होती आणि मी ती तपासली नाही."

"चूक माझी आहे!" मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली रोसविथा ओरडली.

"हेगेलेबाई, परीक्षा तुमची नाही," परीक्षक म्हणाले आणि स्वान्त्येकडे वळले. "मग या रेघा कुणाच्या?"

"माहीत नाही."

ती पास झाली, पण श्रेणी एक पायरी घसरली. डिंकाच्या डागांची टोपी तिने निमूट डोक्यावर चढवली. रोसविथाच्या केकला कुणी हात लावेना, तेव्हा पहिला तुकडा स्वान्त्येनेच घेतला.

वसंतात रोसविथा निवृत्त झाली. तिची खोली स्वान्त्येला मिळाली. रंगारी आले तेव्हा भिंतीवरचा तो कागद तिने काढू दिला नाही. आता दर गुरुवारी बरोबर कॉफीच्या वेळी माझा फोन वाजतो.

"सापडलं का, विचार तिला."

मी फोन स्वान्त्येला देते. "नाही, हेगेलेबाई," ती म्हणते, मग बराच वेळ ऐकत राहते, आणि फोन कानाला लावून खिडकी ते फळा, फळा ते खिडकी करते. फोन ठेवल्यावरही थांबत नाही. परवा तर माझ्या बशीतला ब्रेत्सेलही उचलला.

कालपासून मी तिचीही खुर्ची मांडत नाही.